निओडिमियमची लेसर काच : घटक तोलण्यापासून पहिल्या अवरक्त किरणापर्यंत

माझी पहिली निओडिमियम काच दिसायला निर्दोष होती. सूर्यप्रकाशात जांभळी, ट्यूबलाइटखाली निळसर, आणि भिंगातून पाहिले तरी एक बुडबुडा सापडू नये इतकी स्वच्छ. तिच्यातून लेसर मात्र कधीच मिळाला नाही, कारण बाहेरच्या प्रकाशाने उद्दीपित झालेले निओडिमियमचे आयन आपली ऊर्जा १०५४ नॅनोमीटरच्या अवरक्त प्रकाशाच्या रूपात देण्याऐवजी काचेतच अडकलेल्या पाण्याला देऊन टाकत होते. हे पाणी थेंबाच्या रूपात नसते. ते काचेच्या जाळ्यात हायड्रॉक्सिल गट म्हणून बसलेले असते आणि डोळ्यांना मुळीच दिसत नाही. पुढे जे सांगायचे आहे त्यातील बराचसा भाग या पाण्याला काचेत येऊ न देण्याबद्दल, आलेले घालवण्याबद्दल आणि किती उरले ते मोजण्याबद्दल आहे.

मफल भट्टी, अवरक्त वर्णपटमापक आणि ऑसिलोस्कोप उपलब्ध असलेल्या महाविद्यालयीन किंवा विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत सुमारे ५० ग्रॅम लेसर काच कशी करावी, हे डोळ्यांसमोर ठेवून हा लेख लिहिला आहे.

आयन कोणता, काच कोणती

सुरुवात नेहमी हव्या असलेल्या तरंगलांबीपासून करावी. १.०५ मायक्रोमीटरच्या आसपासचा लेसर हवा असेल तर निओडिमियम किंवा यटर्बियम, १.५ मायक्रोमीटरसाठी अर्बियम, २ मायक्रोमीटरच्या आसपास थुलियम आणि २.१ मायक्रोमीटरला होल्मियम, अशी ढोबळ विभागणी आहे. आयन ठरला की तो कोणत्या काचेत ठेवायचा हा प्रश्न उरतो, आणि त्याचे उत्तर काचेच्या कंपनांमध्ये दडलेले असते. काचेतील अणूंच्या कंपनांची ऊर्जा, म्हणजे फोनॉनची ऊर्जा, सिलिका काचेत सुमारे ११०० प्रति सेंटिमीटर (वर्णपटशास्त्रात ऊर्जा याच एककात मोजतात), फॉस्फेट काचेत सुमारे १२००, टेल्युराइट काचेत ७०० ते ७५०, आणि झिर्कोनियम फ्लुओराइडवर आधारलेल्या झेडब्लान काचेत ६०० पेक्षाही कमी असते. आयनाच्या दोन पातळ्यांमधील दरी पाचपेक्षा कमी फोनॉनांनी भरून निघत असेल, तर प्रकाश बाहेर पडण्याआधीच ऊर्जा उष्णतेत जिरून जाते, असा साधा आडाखा आहे.

अर्बियमचा २.८ मायक्रोमीटरचा लेसर हे याचे उत्तम उदाहरण आहे. तेथे दरी सुमारे ३६०० प्रति सेंटिमीटरची असते. सिलिकाचे जेमतेम सव्वातीन फोनॉन ती भरून काढतात, म्हणून सिलिका काचेत हा लेसर चालत नाही, तर झेडब्लानला त्यासाठी सहाहून अधिक फोनॉन लागतात आणि तेथे तो व्यवस्थित चालतो. १९७४ साली फ्रान्समधील रेन येथे या फ्लुओराइड काचांचा शोध लागला. मात्र त्या वितळवण्यासाठी ओलावा आणि ऑक्सिजन या दोहोंपासून मुक्त अशी बंद पेटी लागते, त्यामुळे नवशिक्याने त्यांच्या वाटेला जाऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे.

पहिल्या प्रयत्नासाठी निओडिमियम आणि फॉस्फेट काच ही जोडी घ्यावी. निओडिमियमची खालची लेसर पातळी तळपातळीपासून सुमारे २००० प्रति सेंटिमीटर वर असल्यामुळे खोलीच्या तापमानाला ती जवळजवळ रिकामीच असते, आणि थोडेच आयन उद्दीपित झाले तरी प्रकाशाचे वर्धन सुरू होते. यटर्बियमची खालची पातळी तळाला इतकी लागून असते की काच तापली की तीच भरू लागते आणि लेसर सुरू होण्याचा उंबरठा चढत जातो. यटर्बियम कमी उष्णता निर्माण करतो हे खरे, पण चूक पोटात घालण्याचा गुण निओडिमियममध्येच आहे. काचेतील पहिला लेसरही याच मूलद्रव्याचा होता. १९६१ साली अमेरिकेत इलायस स्निट्झर यांनी निओडिमियम मिसळलेल्या बेरियम क्राउन काचेतून तो मिळवला. ती सिलिकेट काच होती. फॉस्फेट काच नंतर पुढे आली, कारण तिच्यात दुर्मिळ मृदा मूलद्रव्ये (निओडिमियम, यटर्बियम, अर्बियम ज्यात मोडतात तो गट) गुठळ्या न होता भरपूर विरघळतात आणि उत्सर्जनाची पट्टी अरुंद राहते. कॅलिफोर्नियातील लिव्हरमोर येथील नॅशनल इग्निशन फॅसिलिटीत, जेथे ५ डिसेंबर २०२२ रोजी २.०५ मेगाज्यूल लेसर ऊर्जेतून ३.१५ मेगाज्यूल संमीलन ऊर्जा मिळाली, तेथील प्रकाशाचे वर्धन निओडिमियम मिसळलेल्या फॉस्फेट काचेच्या ३,००० हून अधिक पाट्या करतात, आणि त्यातील एकेक पाटी सुमारे ४२ किलो वजनाची असते.

यात एक गोष्ट मला नेहमी सुंदर वाटत आली आहे. केरळ, तमिळनाडू आणि ओडिशाच्या किनाऱ्यांवरील वाळूत सापडणारे मोनाझाइट हे खनिज स्वतःच दुर्मिळ मृदा मूलद्रव्यांचे फॉस्फेट असते. म्हणजे त्यातून वेगळे काढलेले निओडिमियम आपण पुन्हा फॉस्फेटच्याच घरात नेऊन ठेवतो.

प्रमाण ठरवणे आणि तोलणे

मी पुढील मोल टक्केवारी सुचवतो : फॉस्फरस पेंटॉक्साइड ५८.५, बेरियम ऑक्साइड १६.५, पोटॅशियम ऑक्साइड १५, ॲल्युमिनियम ऑक्साइड ९ आणि निओडिमियम ऑक्साइड १. ॲल्युमिनियममुळे काच टणक होते आणि दमट हवेला बऱ्यापैकी तोंड देते. बेरियम आणि पोटॅशियममुळे ती सहज वितळते आणि ओतताना स्फटिकत नाही.

आता फॉस्फरस कोणत्या रूपात घालायचा ते पाहू. बहुतेक प्रयोगशाळांमध्ये अमोनियम डायहायड्रोजन फॉस्फेट हाताशी असते आणि ते स्वस्तही असते. पण हिशोब केला तर ५० ग्रॅम काचेसाठी ते जवळपास ५० ग्रॅमच लागते, आणि तापवल्यावर त्यातील सुमारे १९ ग्रॅम वायुरूपाने निघून जाते. त्यात सुमारे साडेअकरा ग्रॅम निव्वळ पाणी असते. ज्या शत्रूला दूर ठेवायचे त्यालाच आपण वाटीभर आणून मुशीत ओततो. म्हणून शक्य असेल तर कोरडी मेटाफॉस्फेटे वापरावीत. ५० ग्रॅम काचेसाठी बेरियम मेटाफॉस्फेट १८.०४ ग्रॅम, पोटॅशियम मेटाफॉस्फेट १३.१२ ग्रॅम, ॲल्युमिनियम मेटाफॉस्फेट १७.५९ ग्रॅम आणि निओडिमियम ऑक्साइड १.२५ ग्रॅम लागते. वरची टक्केवारी यातून नेमकी जुळते, वेगळा फॉस्फरस घालावा लागत नाही.

निओडिमियम ऑक्साइड बाटलीतून काढून थेट तोलणे ही सर्वात सामान्य चूक आहे. हे ऑक्साइड हवेतील ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड शोषून हळूहळू हायड्रॉक्साइड आणि कार्बोनेटमध्ये बदलत जाते. मग तोललेल्या १.२५ ग्रॅममध्ये निओडिमियम किती आणि बाकीचे किती हे कळायला मार्ग उरत नाही, शिवाय पाणी पुन्हा चोरपावलांनी आत शिरते. ते ९०० ते १००० अंश सेल्सिअसला दोन तास भाजावे, डेसिकेटरमध्ये, म्हणजे ओलावा शोषून घेणाऱ्या बंद भांड्यात, थंड करावे आणि लगेच तोलावे. मेटाफॉस्फेटेही आदल्या रात्री २०० अंशांच्या ओव्हनमध्ये ठेवून द्यावीत. मुंबई किंवा कोकणात जून ते सप्टेंबरमध्ये काम करणाऱ्यांनी तोलणे आणि खलणे मिळून अर्ध्या तासात उरकावे. त्या हवेत पूड डोळ्यांदेखत ओलसर होते.

शुद्धता ९९.९९ टक्के असावी. लोहाचा द्विसंयुजी आयन १ मायक्रोमीटरच्या आसपास प्रकाश शोषतो, तांब्याचाही शोषणपट्टा जवळच असतो, आणि डिस्प्रोशियम किंवा सॅमेरियमसारखी भावंडे मूलद्रव्ये निओडिमियमची ऊर्जा परस्पर पळवतात. म्हणून लोखंडी चमचा किंवा खल वापरू नये. अकीकाचा खल आणि प्लास्टिकचा चमचा घ्यावा. बेरियमची संयुगे विषारी असल्याने मास्क आणि हातमोजे अनिवार्य आहेत.

वितळवणे आणि पाणी घालवणे

मुशीची निवड करताना प्रत्येक पर्यायात काही ना काही सोडावे लागते. ॲल्युमिनाची मूस स्वस्त असते, पण वितळलेले फॉस्फेट तिला खाते आणि काचेतील ॲल्युमिनियमचे प्रमाण आपल्या नकळत वाढते. प्लॅटिनमची मूस रासायनिकदृष्ट्या सर्वात चांगली, मात्र तिच्याजवळ कागदाचा कपटा, धूळ, ग्रीस असे काहीही सेंद्रिय जाता कामा नये. कार्बनमुळे फॉस्फेटचे क्षपण होऊन मुक्त फॉस्फरस तयार झाला, तर तो प्लॅटिनमशी संयोग पावून मुशीला भोक पाडतो. मोठ्या लेसर काचांच्या निर्मितीत प्लॅटिनमचे सूक्ष्म कणही डोकेदुखी ठरले आहेत, कारण तीव्र लेसर प्रकाशात असा कण क्षणात तापून भोवतालच्या काचेला तडा पाडतो. वितळलेल्या काचेवर ऑक्सिजनयुक्त वातावरण ठेवले की हे कण विरघळून जातात. आपल्या छोट्या चाचणीत एवढी तीव्रता नसते, तरीही क्षपण टाळणे आणि कण विरघळवणे या दोन्ही कारणांनी ऑक्सिजन उपयोगी पडतो.

मूस झाकून भट्टीत ठेवावी आणि तापमान तासाला २०० अंश या गतीने वाढवावे. ३०० आणि ५०० अंशांना एकेक तास थांबावे, म्हणजे उरलेला ओलावा फेस न येता निघून जातो. नंतर ११५० ते १२०० अंशांपर्यंत न्यावे आणि सर्व काही वितळून एकजीव होईपर्यंत, साधारण तासभर, तेथे ठेवावे. याच तापमानाला पाणी घालवण्याचे खरे काम सुरू होते. फॉस्फरस पेंटॉक्साइड भरलेल्या नळीतून किंवा मॉलिक्युलर सीव्हमधून (पाणी शोषणाऱ्या सच्छिद्र गोळ्यांमधून) कोरडा केलेला ऑक्सिजन एका बारीक नळीने वितळलेल्या काचेत अगदी मंद गतीने, दर सेकंदाला दोन-तीन बुडबुडे एवढाच, तासभर सोडावा. प्रत्येक बुडबुडा वर येताना आजूबाजूच्या काचेतील पाण्याची वाफ घेऊन बाहेर पडतो. नळी प्लॅटिनमची असेल तर उत्तम. सिलिकाची नळीही चालते, फक्त तिचा थोडा भाग काचेत विरघळतो हे लक्षात ठेवावे.

उद्योगात याच कामासाठी क्लोरीनयुक्त वायू वापरतात आणि त्याने हायड्रॉक्सिल खूप झपाट्याने कमी होतो. पण क्लोरीन किंवा कार्बन टेट्राक्लोराइडची वाफ साध्या प्रयोगशाळेत कदापि वापरू नये. तप्त कार्बन टेट्राक्लोराइडपासून फॉस्जीन तयार होऊ शकतो, आणि काचेच्या एका तुकड्यासाठी तो धोका पत्करणे समर्थनीय नाही.

बुडबुड्यांनंतर अर्धा तास काच शांत राहू द्यावी. वर कोरड्या ऑक्सिजनचा हलका प्रवाह चालू ठेवावा, नाहीतर भट्टीतील दमट हवेतून पाणी पुन्हा आत जाऊ लागते. तापमान उगाच वाढवू नये किंवा वेळ उगाच लांबवू नये, कारण फॉस्फरस पेंटॉक्साइड सतत थोडे थोडे उडून जाते आणि घटकांचे प्रमाण बदलते.

ओतणे आणि ॲनीलिंग (ताण जाण्यासाठी सावकाश थंड करणे)

पितळेचा किंवा ग्रॅफाइटचा साचा आधीच सुमारे ४०० अंशांना तापवून ठेवावा. चेहऱ्यावर संरक्षक ढाल, हातात उष्णतारोधक हातमोजे आणि पायात बंद बूट हवेत. मूस चिमट्याने उचलून एकाच अखंड धारेत ओतावे. धार तुटली की दोन थरांमध्ये पाकाच्या तारेसारख्या रेषा राहतात आणि लेसरचा किरण त्यांतून वेडावाकडा जातो.

अशा काचेचे काचण तापमान, म्हणजे ज्याच्या वर घट्ट काच मऊ होऊ लागते ते तापमान, ४८५ अंशांच्या आसपास असते. साचा ताबडतोब त्याच तापमानाच्या दुसऱ्या भट्टीत ठेवावा, चार तास थांबावे, मग ३५० अंशांपर्यंत तासाला १० अंश आणि पुढे तासाला ३० अंश या गतीने उतरावे. फॉस्फेट काच तापमानाबरोबर सिलिकेटपेक्षा बरीच अधिक प्रसरण पावते आणि उष्णतेचे वहन फारच कमी करते, त्यामुळे घाई तिला सोसत नाही. एकदा वीज गेल्यामुळे माझी भट्टी रात्रीत झपाट्याने थंड झाली. सकाळी दार उघडून तुकडा लाकडी टेबलावर ठेवला, आणि दहा मिनिटांनी, कोणी हात लावलेला नसताना, तो टक् असा आवाज करून मधोमध दुभंगला.

आतला ताण तपासायला महागडे उपकरण लागत नाही. संगणकाच्या एलसीडी पडद्यावर पूर्ण पांढरे पान उघडावे, काच त्याच्यासमोर धरावी आणि पोलरॉइडच्या तुकड्यातून पाहत तो तुकडा पडदा काळा दिसेपर्यंत फिरवावा. काच काळीच राहिली तर ताण नाही. तिच्यात उजळ पट्टे किंवा रंग दिसले तर ॲनीलिंग पुन्हा करावे, कापायला घेऊ नये.

कापणे आणि घासणे याबद्दल एवढेच सांगतो की पाण्याऐवजी तेलावर चालणारी मंद हिऱ्याची करवत वापरावी, शेवटची झिलई सेरियम ऑक्साइडने द्यावी आणि तुकडा कोरड्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून डेसिकेटरमध्ये ठेवावा. मोजमापांसाठी २ मिलिमीटर जाडीची चकती आणि लेसरसाठी ५ ते ८ मिलिमीटरचा तुकडा, दोन्ही एकाच ओतकामातून काढावेत.

काच खरोखर कशी आहे ते मोजणे

सर्वात आधी पाणी मोजावे. चकतीचा अवरक्त पारगमन वर्णपट घेऊन ५००० प्रति सेंटिमीटरला मिळालेले पारगमन आणि ३००० प्रति सेंटिमीटरला मिळालेले पारगमन यांचे गुणोत्तर काढावे, त्याचा नैसर्गिक लॉगरिदम घ्यावा आणि सेंटिमीटरमधील जाडीने भागावे. समजा २ मिलिमीटर जाडीत पारगमन ९० टक्क्यांवरून ९ टक्क्यांवर आले. गुणोत्तर १०, लॉगरिदम २.३०, जाडी ०.२ सेंटिमीटर, म्हणजे शोषणांक सुमारे ११.५ प्रति सेंटिमीटर. उघड्या मुशीत, अमोनियम फॉस्फेटपासून केलेल्या काचेत असे आकडे सहज येतात. पारगमन ९० वरून ४५ वर आले तर तोच आकडा ३.५ होतो. चांगल्या लेसर काचेत तो १ ते २ च्या घरात असतो. निओडिमियमच्या वरच्या लेसर पातळीखालची दरी सुमारे ५५०० प्रति सेंटिमीटरची आहे, आणि हायड्रॉक्सिलची अवघी दोन कंपने ती भरून काढतात; काचेचे स्वतःचे फोनॉन मात्र त्यासाठी किमान पाच लागतात. पाणी इतके घातक का, ते या एका तुलनेत स्पष्ट होते.

दुसरे मोजमाप निओडिमियमच्या घनतेचे. काचेची घनता आर्किमिडीजच्या पद्धतीने, पाण्याऐवजी झायलीन वापरून काढावी. ती २.८ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर आली, तर एक मोल टक्का ऑक्साइडमुळे दर घन सेंटिमीटरमध्ये २.५ गुणिले १० चा विसावा घात एवढे निओडिमियम आयन असतात. जास्त निओडिमियम घातले की जास्त लेसर, असा मोह सर्वांनाच होतो. पण आयन एकमेकांच्या जवळ आले की एक आयन आपली अर्धी ऊर्जा शेजाऱ्याला देतो आणि दोघेही ती उष्णतेत गमावतात. उत्तम फॉस्फेट लेसर काचांमध्ये ज्या घनतेला आयुर्मान (उद्दीपित आयन वरच्या पातळीत टिकण्याचा सरासरी काळ) निम्मे होते ती सुमारे ८.४ गुणिले १० चा विसावा घात एवढी आहे, आणि घट घनतेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत जाते. २.५ ला ८.४ ने भागून वर्ग केला तर ०.०९ येतो, म्हणजे आयुर्मान जेमतेम आठ टक्क्यांनी घटते. घनता दुप्पट केली की घट सुमारे २६ टक्के होते. म्हणून छोट्या चाचणीसाठी एका मोल टक्क्यापुढे जाऊ नये.

दृश्य ते निकट-अवरक्त शोषण वर्णपटात ५२५, ५८३, ७४५, ८०२ आणि ८७५ नॅनोमीटरच्या आसपास ठळक पट्टे दिसतात. ५८३ चा पट्टा काचेला जांभळा रंग देतो. काच फुंकणारे कारागीर सोडियमच्या पिवळ्या झळीपासून डोळे वाचवण्यासाठी जो डिडिमियम चष्मा लावतात, त्यातही हाच पट्टा काम करतो. या पट्ट्यांच्या क्षेत्रफळांवरून, ब्रायन जड आणि जॉर्ज ओफेल्ट यांनी १९६२ साली स्वतंत्रपणे मांडलेल्या सिद्धांताच्या आधारे, केवळ प्रकाश उत्सर्जनाने वरची पातळी किती वेळात रिकामी होईल ते काढता येते. असल्या काचेत हा आकडा ३५० मायक्रोसेकंदांच्या आसपास येतो.

आता प्रत्यक्ष आयुर्मान मोजावे, कारण निकाल तेथेच लागतो. ८०८ नॅनोमीटरचा डायोड लेसर चौरस स्पंदांनी चालवावा, चकतीच्या कडेजवळ प्रकाश पाडावा, १००० नॅनोमीटरच्या वरचाच प्रकाश जाऊ देणारी गाळणी लावून इंडियम गॅलियम आर्सेनाइडच्या फोटोडायोडवर अनुस्फुरण, म्हणजे उद्दीपित आयनांनी सोडलेला प्रकाश, घ्यावे आणि स्पंद बंद झाल्यावरचा उतार ऑसिलोस्कोपवर पाहावा. फोटोडायोडला जोडलेला रोध एक किलोओहमच्या वर नेऊ नये. मोठ्या रोधाने संकेत मोठा दिसतो, पण उतार काचेचा न राहता परिपथाचा होतो. मोजलेल्या आयुर्मानाला वर हिशोबाने काढलेल्या आयुर्मानाने भागले की क्वांटम कार्यक्षमता, म्हणजे उद्दीपित आयनांपैकी किती प्रकाश देतात तो अंश, मिळते. हा आकडा ०.८ च्या वर असेल तर लेसरकडे वळावे. तो ०.५ च्या आसपास रेंगाळत असेल, तर आरसे जुळवण्यात आठवडे घालवू नयेत; अवरक्त वर्णपटाकडे परत जावे आणि दुसरी काच वितळवावी. माझ्या पहिल्या काचेबाबत मी हा क्रम उलटा केला होता.

लेसरची चाचणी

येथे डोळ्यांची काळजी सर्वात आधी. ८०८ नॅनोमीटरचा प्रकाश डोळ्याला फिकट लाल दिसतो आणि फसवतो, तर १०५४ नॅनोमीटरचा मुळीच दिसत नाही, पण दोन्ही थेट दृष्टिपटलावर केंद्रित होतात. दोन्ही तरंगलांब्यांसाठी प्रमाणित केलेला चष्मा लावल्याशिवाय डायोड सुरू करू नये.

८०८ नॅनोमीटरला पारदर्शक आणि १०५४ ला पूर्ण परावर्तक असा एक सपाट आरसा, मध्ये काचेचा तुकडा, आणि ५ ते १० सेंटिमीटर अंतरावर ९८ किंवा ९९ टक्के परावर्तक असा अंतर्वक्र आरसा, एवढीच मांडणी पुरते. काचेची उष्णतावाहकता यॅग या नेहमीच्या लेसर स्फटिकाच्या दहाव्या भागाहूनही कमी असल्यामुळे डायोड सतत चालवू नये. १ मिलिसेकंदाचे स्पंद, सेकंदाला दहा, याने सुरुवात करावी. याच उष्णतेच्या अडचणीमुळे सतत चालणारे मोठे काच लेसर तंतूच्या रूपात केले जातात, कारण केसासारख्या बारीक तंतूला बाहेरचा पृष्ठभाग भरपूर मिळतो. वर्सोव्याच्या किनाऱ्यावर येणाऱ्या सागरी केबलींमधील अर्बियम तंतूही दुर्मिळ मृदा काचेचेच भाऊबंद आहेत; ते लेसर नसून वर्धक आहेत, एवढाच फरक.

उंबरठा ओलांडला की ऑसिलोस्कोपवर गुळगुळीत चढणाऱ्या अनुस्फुरणाच्या जागी अचानक टोकदार शिखरांची रांग उभी राहते, आणि वर्णपटमापकात वीसेक नॅनोमीटर पसरलेली पट्टी आकसून अरुंद रेषा होते. दोन्ही खुणा दिसल्याशिवाय लेसर मिळाला असे लिहू नये, कारण गाळणीतून निसटलेला ८०८ नॅनोमीटरचा प्रकाश अनेकांना फसवून गेला आहे. पुढे बाहेरचा आरसा ९९, ९८ आणि ९५ टक्क्यांचा असा बदलत प्रत्येक वेळी उंबरठा नोंदवावा. परावर्तकतेच्या लॉगरिदमसमोर उंबरठ्याचा आलेख काढून ती रेषा शून्य उंबरठ्यापर्यंत मागे वाढवली की काचेतील अंतर्गत तूट मिळते. ती मोठी निघाली आणि आयुर्मान मात्र चांगले असेल, तर दोष पाण्याचा नसून रेषांचा, झिलईचा किंवा लोहाचा आहे. अशा वेळी तुकडा अंधारात टॉर्चच्या तिरप्या उजेडात धरून आधी त्याची दोन्ही तोंडे तपासावीत. पावसाळ्यात आठवडाभर डेसिकेटरबाहेर राहिलेल्या फॉस्फेट काचेवर धुक्यासारखा थर बसलेला असतो, आणि तो पुन्हा झिलई दिल्यावरच जातो.